विद्यार्थिनिर्मित अनुबोधपट व प्रसिद्धिसाहित्य

विद्यार्थिनिर्मित अनुबोधपट : जनसंज्ञापन, वृत्तपत्रविद्या वा चित्रपटतंत्र यांच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांनी वास्तव विषयावर तयार केलेला, बहुधा पाच ते तीस मिनिटे लांबीचा लघुपट. मराठीत त्यास माहितीपट असेही म्हणतात. त्याच्या जोडीला भित्तिपत्रक, माहितीपत्रक, झलक, वृत्तपत्रांसाठी निवेदन, नभोवाणीवरील जाहिरात इ. प्रसिद्धिसाहित्य विद्यार्थ्यांनीच तयार करावे, अशीही अपेक्षा अनेक अभ्यासक्रमांत असते. ब्रिटनमधील शालेय उच्च स्तरावरील माध्यम-अभ्यासाच्या परीक्षेत काही काळ सु. पाच मिनिटांचा अनुबोधपट व त्याची नभोवाणीवरील आणि वृत्तपत्रातील जाहिरात असा एकत्रित प्रकल्प करण्याची सोय होती. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अशा प्रकल्पांचा प्रसार मुख्यतः २००० नंतर झाला. त्यामुळे हा प्रकार परदेशी अभ्यासक्रमांच्या अनुकरणातून आलेला दिसतो. तथापि वास्तवाचे चित्रण, ते शिकण्याची खटपट आणि त्याची जाहिरात या तीन गोष्टी महाराष्ट्रात चित्रपटाच्या आरंभापासून एकमेकींत गुंतलेल्या आहेत. मध्यंतरी त्यांची फारकत झाली. ती का झाली आणि पुन्हा जुळणी होताना कोणते प्रश्न उभे राहिले, हे प्रस्तुत नोंदीत पाहावयाचे आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे तालुके नोंदीच्या उत्तरार्धात उदाहरणादाखल घेतले आहेत. चित्रपट-शिक्षणाच्या जुन्या केंद्रांपासून हा भाग शंभर-सव्वाशे किमी. दूर असला, तरी अनुबोधपटाच्या विषयांनी तो संपन्न आहे.

पूर्वपीठिका : भारतात वास्तव घटनांचे चित्रण प्रथम करणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर तथा सावेदादा यांचे नाव अग्रगण्य आहे. व्यवसायाने ते छायाचित्रकार होते. १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचे त्यांनी चित्रण केले आणि रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा १९०१ मध्ये त्यांच्या स्वागताचेही चित्रीकरण केले. एका विद्यार्थ्याच्या यशाचा समारंभ हा भारतातील आरंभीच्या वार्तापटाचा विषय ठरला, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

यापेक्षा महत्त्वाचे उदाहरण धुंडिराज गोविंद फाळके यांचे. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिकलेल्या फाळके यांनी वयाच्या चाळिशीत पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले, तेथील चित्रपटनिर्मात्यांकडून त्यांनी तंत्राची माहिती करून घेतली व चित्रक विकत घेऊन ते परतले. कथापटासाठी भांडवल हवे होते आणि चलत्चित्राच्या धंद्यात पैसा घालण्यास कोणी राजी नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर चित्रक रोवून ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करीत रोपाची वाढ टिपली. पडद्यावर जेमतेम मिनिटभर चालणारा हा पट पाहून त्यांना कर्ज मिळाले व राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटाचा मार्ग खुला झाला. वाटाण्याच्या रोपाचा हा पट शिकाऊ माणसाचा पाठ होता, निसर्गातील एका घटनेचा अनुबोधपट होता आणि पुढील उद्योगाची जाहिरातही होता. पुढे १९१७ मध्ये फाळके यांनी चित्रपट कसे तयार करतात हा लघुपट काढला. त्यात दिग्दर्शनापासून संकलनापर्यंतची कामे त्यांनी स्वतः करून दाखविली. आज चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी ‘पडद्यामागील दृश्ये’ दाखविण्याची जी रीत आहे, तिचे हे आद्य रूप म्हणता येईल.

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिक्षण आणि प्रसिद्धी यांची सांगड अधिकच घट्ट होती. बाबूराव पेंटर यांच्या या कारखान्यात व्ही. शांताराम, वि. गो. दामले, साहेबमामा फत्तेलाल प्रभृतींनी चित्रपटविद्येचे धडे घेतले. तेथे वर्ग नव्हते, परीक्षा नव्हत्या. नेपथ्याचे पडदे रंगविणारे हातच चित्रक हाताळीत आणि गावोगाव लावण्याची भित्तिपत्रकेही तयार करीत. बाबूराव मूळचे चित्रकार असल्याने भित्तिपत्रक म्हणजे नुसता अक्षरांचा कागद, ही कल्पना त्यांनी मोडीत काढली. कल्याण खजिना (१९२४) या त्यांच्या चित्रपटाचे सचित्र भित्तिपत्रक उपलब्ध भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत सर्वांत जुने मानले जाते. सावकाराच्या पाशात जमीन गमावून शहरात मजूर झालेल्या शेतकऱ्याची कथा त्यांनी सावकारी पाश (१९२५) मध्ये ज्या वास्तव पद्धतीने मांडली, ती पुढील अनुबोधपटकारांना जवळची वाटावी अशी आहे.

अनुबोधपट ही स्वतंत्र कोटी म्हणून ओळखली जाऊ लागली, ती याच सुमारास. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा नॅनूक ऑफ द नॉर्थ १९२२ मध्ये प्रदर्शित झाला होता. त्यांच्याच मोआना (१९२६) या चित्रपटाचे परीक्षण करताना जॉन ग्रिअर्सन यांनी या प्रकारास जे इंग्रजी नाव वापरले, ते जगभर रूढ झाले. ग्रिअर्सन स्वतः ब्रिटिश शासनाच्या एम्पायर मार्केटिंग बोर्ड या प्रसिद्धिसंस्थेत काम करीत. हेरिंग मासे पकडणाऱ्या कोळ्यांवरील त्यांचा ड्रिफ्टर्स (१९२९) हा गाजलेला अनुबोधपट याच संस्थेसाठी तयार झाला. म्हणजे, अनुबोधपट हे सत्याचे आणि प्रसिद्धिसाहित्य हे व्यवहाराचे क्षेत्र, अशी जी विभागणी वर्गात सहज केली जाते, तिला इतिहासाचा आधार नाही. ब्रिटिश अनुबोधपटाची चळवळ प्रसिद्धिकचेरीतच वाढली.

शासकीय पर्व व सक्तीचा प्रेक्षक : १९३० नंतरच्या दशकात डॉ. पी. व्ही. पथी, दी. गो. तेंडुलकर व के. एस. हिर्लेकर यांसारख्या परदेशी शिक्षण घेऊन परतलेल्या तरुणांनी भारतात अनुबोधपटाचा पाठपुरावा केला. पथी पॅरिसमध्ये, तर हिर्लेकर जर्मनीत शिकले होते. तेंडुलकर पुढे महात्मा गांधींचे चरित्रकार म्हणून प्रसिद्ध झाले. या मंडळींना प्रेक्षक, चित्रपटगृह व पैसा या तिन्ही गोष्टी स्वतः मिळवाव्या लागत. दुसऱ्या महायुद्धात ही स्थिती पालटली. युद्धप्रचारासाठी सरकारने १९४० मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापिले. त्यामागोमाग १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही संस्था आली व तिचे पट दाखविणे चित्रपटगृहांना सक्तीचे झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. मान्यताप्राप्त अनुबोधपट किंवा वार्तापट प्रत्येक खेळाबरोबर दाखविण्याची अट परवान्यात घातली गेली आणि त्यासाठी चित्रपटगृहांकडून भाडेही वसूल होऊ लागले.

या व्यवस्थेने भारतीय अनुबोधपट जगविला, हे निर्विवाद. मराठीसह अनेक भाषांत त्याच्या प्रती निघत आणि तालुक्याच्या गावच्या चित्रपटगृहापर्यंत पोहोचत. परंतु प्रेक्षकाने तिकीट काढले, ते कथापटाचे. अनुबोधपट त्याच्यापुढे आपोआप येत असे. अशा पटाला भित्तिपत्रक लागत नव्हते, झलक लागत नव्हती, ‘हा पट का पाहावा’ या प्रश्नाचे उत्तरही कोणाला द्यावे लागत नव्हते. पट चालू असताना बाहेर विडी ओढीत थांबणारा प्रेक्षक हे त्याचे दुसरे अंग. वास्तवचित्रण आणि त्याची जाहिरात यांची जी फारकत वर म्हटली आहे, ती येथे झाली. पुढे या सक्तीस न्यायालयात आव्हान देण्यात आले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. तथापि चित्रपटप्रदर्शनाची पद्धत बदलत गेली तशी ती व्यवहारात क्षीण झाली आणि २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन ही संस्थाच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली.

प्रशिक्षणाचा विकास : स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात प्रशिक्षणसंस्थेची शिफारस केली. त्यानुसार १९६० मध्ये पुणे येथे प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या वास्तूत फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली. प्रभातच्या रामशास्त्री (१९४४) मधील भूमिकेमुळे परिचित असलेले गजानन जागीरदार हे तिचे पहिले प्रमुख. १९६५ मध्ये ऋत्विक घटक यांनी उपप्राचार्य म्हणून अल्पकाळ तेथे अध्यापन केले व विद्यार्थ्यांसमवेत लघुपटही केले. सतीश बहादूर यांनी चित्रपट-रसास्वादाचे अध्यापन रुजविले. त्यास १९६४ मध्ये पुण्यातच स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची मोलाची जोड मिळाली. १९७४ मध्ये दिल्लीतील दूरचित्रवाणी-प्रशिक्षणाचा विभाग पुण्यास आला आणि संस्थेस आजचे नाव प्राप्त झाले.

त्या काळातील विद्यार्थ्याची शिस्त फिल्मच्या लांबीने ठरे. १६ मिमी. फिल्मचे ४०० फुटांचे रीळ सु. ११ मिनिटे चाले, तसेच ३५ मिमी. फिल्मचे १,००० फुटांचे रीळही. दहा मिनिटांच्या पटासाठी चौपट चित्रणाची मुभा असली, तरी १६ मिमी. मध्ये सु. १,४५० फुटांत सर्व आटोपावे लागे. त्यामुळे चित्रक सुरू करण्यापूर्वी विषयाचा अभ्यास, स्थळाची पाहणी व माणसांशी ओळख करून घेणे भागच होते. फिल्मची टंचाई ही अशी न नेमलेली शिक्षिका होती. प्रसिद्धी मात्र या अभ्यासक्रमांत दुय्यम राहिली. विद्यार्थ्यांचे पट संस्थेतच पाहिले जात, महोत्सवांना जात आणि पुरस्कार मिळाल्यास वृत्तपत्रे आपणहून दखल घेत.

प्रसिद्धी हा अभ्यासाचा विषय झाला, तो वृत्तपत्रविद्या व जनसंज्ञापन यांच्या वर्गांत. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील वृत्तपत्रविद्येचा अभ्यासक्रम आणि मुंबईची झेव्हिअर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स (१९६९) ही या बाबतीतील महाराष्ट्रातील जुनी केंद्रे होत. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामिया विद्यापीठात १९८२ मध्ये जनसंज्ञापन संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याच वर्षी युनेस्कोच्या विद्यमाने ग्रुनवाल्ड येथे माध्यमशिक्षणाविषयीचे जाहीरनामापत्र संमत झाले. माध्यमे वापरणाऱ्यास ती पारखताही आली पाहिजेत, हा त्याचा आशय होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट १९८४ पासून दूरचित्रवाणीवर शैक्षणिक कार्यक्रम सुरू केले. त्यांच्या निर्मितीसाठी पुण्यासह काही विद्यापीठांत केंद्रे उभी राहिली. मुंबई विद्यापीठाने २००० च्या सुमारास जनसंज्ञापनाचा स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम सुरू केला. त्यात जाहिरात आणि पत्रकारिता या दोन शाखा शेजारी शेजारी आल्या. अनुबोधपट आणि त्याचे भित्तिपत्रक एकाच विद्यार्थ्याने करावयाचे, ही कल्पना अशा अभ्यासक्रमांत स्वाभाविक ठरली.

पुण्यातील आणखी एका प्रयोगाचा येथे उल्लेख केला पाहिजे. तो अभ्यासक्रमाचा भाग नव्हता, पण विद्यार्थ्यांनी अभ्यासावा असा आहे. समाजशास्त्रीय संशोधन करणाऱ्या सुमित्रा भावे यांनी बाई (१९८५) हा लघुपट केला, त्या वेळी त्यांनी चित्रपटाचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते. ज्या स्त्रियांविषयी संशोधन, त्यांच्यापर्यंत लिखित निबंध पोहोचत नाहीत, या जाणिवेतून त्या या माध्यमाकडे वळल्या. या पटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्याचा खरा प्रेक्षक वस्तीतील स्त्रिया हाच होता.

ग्रामीण महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील न्यू आर्ट्‌स महाविद्यालयाच्या संज्ञापन-अभ्यास विभागाचे उदाहरण निर्णायक ठरले. इंदापूरसमोर भीमेच्या पलीकडे करमाळा तालुका आहे. तेथील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी या विभागात शिकत असताना पिस्तुल्या (२००९) हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या, भटक्या जमातीतील मुलाची ही कथा. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत (२०१०) कथाबाह्य विभागातील पदार्पणाचा पुरस्कार तिला मिळाला. पिस्तुल्या हा काटेकोर अर्थाने अनुबोधपट नव्हे. परंतु जिल्ह्याच्या गावच्या महाविद्यालयातील प्रात्यक्षिक देशपातळीवर पोहोचू शकते, हे त्याने दाखवून दिले. फँड्री (२०१३) व सैराट (२०१६) नंतर तर या भागातील तरुणांच्या मनातील ‘चित्रपट म्हणजे मुंबई-पुणे’ हे समीकरण ढिले झाले.

बारामती व इंदापूर : या दोन तालुक्यांतील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मधील, तर विद्या प्रतिष्ठान ही शिक्षणसंस्था १९७२ मधील. प्रतिष्ठानच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने ‘वसुंधरा वाहिनी’ हे समुदाय नभोवाणी केंद्र सुरू केले. शैक्षणिक संस्थांना नभोवाणी केंद्रे चालविण्याची मुभा केंद्र सरकारने २००२ च्या अखेरीस दिली, त्याचे हे फलित. अनुबोधपटाची जाहिरात परिसरातील बोलीत, परिसरातीलच लोकांना ऐकविण्याचे साधन अशा केंद्रांमुळे निर्माण झाले. ते पुरते वापरले जात नाही, असे मात्र म्हणावे लागते.

विषयांच्या बाबतीत हा प्रदेश दुभंगलेला आहे आणि तेच त्याचे सामर्थ्य होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काढलेल्या नीरा डाव्या कालव्याने दोन्ही तालुक्यांचा काही भाग बारमाही बागायत केला. त्याच्या आधारावर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. वालचंदनगरसारखे उद्योगग्रामही त्यातूनच वसले. कालव्याच्या वरच्या अंगाची गावे मात्र अवर्षणप्रवणच राहिली. एका दिवसाच्या प्रवासात विद्यार्थ्यास ऊस आणि टँकर या दोहोंचे चित्रण करता येते.

शैक्षणिक वर्ष व या प्रदेशाचे ऋतुमान यांचा मेळ कसा बसतो, यावर विषयाची निवड बरीच अवलंबून असते. अभ्यासक्रमाचे प्रकल्प बहुधा दिवाळीनंतर हाती घेतले जातात आणि नेमका तोच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम असतो. त्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे ‘उचल’, ही या व्यवसायाची परिभाषा. विद्यार्थ्यांना हा विषय सहज आकर्षित करतो, कारण दृश्ये तयारच असतात : पहाटेची थंडी, पाचटाचा जाळ, मोळ्यांनी भरलेल्या गाड्या. पण उचलीचा हिशेब पडद्यावर दिसत नाही. तो समजून घेण्यासाठी मुकादम, कारखान्याची वाहतूक-व्यवस्था आणि कामगाराचे मूळ गाव या तिन्ही ठिकाणी जावे लागते. दोन दिवसांच्या चित्रणात ते साधत नाही.

श्रीतुकाराममहाराजांच्या पालखीचे तसे नाही. जून-जुलैमध्ये ती बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या मार्गाने पंढरपूरकडे जाते. काटेवाडीस परीट समाजाकडून धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात व मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीस पहिले गोल रिंगण होते. शैक्षणिक वर्ष नुकतेच सुरू झालेले असते, विद्यार्थ्यांची तयारी नसते आणि पालखी एका दिवसात पुढे निघून जाते. परिणामी पताका, टाळ व पावसात भिजलेले चेहरे यांची तीच ती दृश्ये वर्षानुवर्षे टिपली जातात. पायघड्यांचा मान सांभाळणाऱ्या कुटुंबांची वर्षभराची जुळवाजुळव किंवा पालखी गेल्यानंतरची गावाची साफसफाई हे विषय त्या मानाने उपेक्षित आहेत.

तिसरा विषय उजनीच्या पाण्याचा. भीमा नदीवरील हे धरण सोलापूर जिल्ह्यात असून ते १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाखाली इंदापूर तालुक्यातील अनेक गावांची जमीन गेली. धरणाचा एकूण साठा सु. ११७ अब्ज घनफूट असून त्यांपैकी सु. ६३ अब्ज घनफूट मृतसाठा आहे. त्यामुळे पाणी त्या पातळीखाली गेले की साठा ‘उणे’ टक्क्यांत सांगितला जातो. अशा वेळी पळसदेव येथील पाण्याखाली गेलेले प्राचीन मंदिर उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते पाहण्यास मोठी गर्दी लोटली होती. जलाशयाच्या कडेला भिगवण परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात.

प्रसिद्धिसाहित्याचा खरा कस अशा विषयात लागतो. पाण्यातून वर आलेले शिखर किंवा गुलाबी पक्ष्यांचा थवा यांपेक्षा देखणे भित्तिपत्रक मिळणे कठीण. परंतु पट विस्थापितांविषयी असेल आणि भित्तिपत्रकावर फक्त शिखर असेल, तर प्रेक्षकाला पर्यटनाचे आमंत्रण मिळते व गाव सोडावे लागलेली माणसे चौकटीबाहेर राहतात. एका कागदावर विषय नेमका सांगावयाचा, तर दिग्दर्शकास स्वतःच्या पटाचा गाभा कोणता, हे ठरवावेच लागते. अनेकदा भित्तिपत्रक करावयास बसल्यावरच संकलनातील घोटाळा ध्यानात येतो. सक्तीच्या प्रेक्षकाच्या काळात ही कसोटी अनुबोधपटाला लावली गेली नव्हती, म्हणूनच प्रसिद्धिसाहित्यास अभ्यासक्रमात दिलेले स्थान उपयुक्त मानले पाहिजे.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक होतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांवरील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय पुढे आला व राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. त्यानंतर या स्त्रियांविषयीच्या पटांना मागणी वाढली. चित्रकासमोर बोलण्यास दिलेली संमती ही भित्तिपत्रकावर चेहरा छापण्यास दिलेली संमती नव्हे. पट पाहणारा तिचे संपूर्ण म्हणणे ऐकतो, भित्तिपत्रक पाहणारा मात्र केवळ चेहरा आणि मथळा पाहतो. पुढील हंगामात त्याच मुकादमाकडे जावयाचे असलेल्या बाईस या फरकाची किंमत मोजावी लागू शकते. संमतिपत्र मराठीत असणे, ते वाचून दाखविणे आणि झलक व भित्तिपत्रक यांसाठी वेगळी परवानगी घेणे या गोष्टी म्हणूनच औपचारिक नाहीत. संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रकट करण्यास बालन्याय अधिनियम, २०१५ प्रतिबंध करतो. कोपीवरील मुलांची छायाचित्रे निवडताना हे विसरले जाते. पटाचे जाहीर प्रदर्शन करावयाचे, तर चलच्चित्र अधिनियम, १९५२ प्रमाणे प्रमाणपत्राचाही विचार करावा लागतो.

तंत्र सुलभ झाल्याने या अडचणी कमी झाल्या नाहीत. भ्रमणध्वनीवर तासन्‌तास चित्रण करता येते. त्यामुळे फिल्मच्या टंचाईने लादलेली पूर्वतयारी गळून पडली आणि सारा भार संकलनावर आला. भित्तिपत्रकही संगणकावर तासाभरात होते. ते कोणासाठी, हा प्रश्न मात्र कायम आहे. मुंबईचा अनुबोधपट व लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव (१९९० पासून) किंवा तत्सम स्पर्धा यांना पट पाठविताना सारांश, दिग्दर्शकाचे निवेदन, स्थिरचित्रे, झलक व इंग्रजी उपशीर्षके लागतात. साहजिकच विद्यार्थ्यांचे बहुतेक प्रसिद्धिसाहित्य इंग्रजीत आणि परीक्षक व निवड-समिती यांना उद्देशून तयार होते. इंदापूर तालुक्यातील गावावरील पटाचे मराठी भित्तिपत्रक त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले, तर त्यास अपवाद समजावे.

वास्तविक या भागात प्रसिद्धीच्या देशी परंपरेची उणीव नाही. दवंडी, आठवड्याचा बाजार, यात्रेतील तंबूतले चित्रपट आणि त्यांच्या मालमोटारींवर चिकटविलेली रंगीत भित्तिपत्रके, ध्वनिक्षेपकावरून होणारा पुकारा यांनी पश्चिम महाराष्ट्रातील प्रेक्षक घडविला. महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रपटगृहांवरच शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी द सिनेमा ट्रॅव्हलर्स (२०१६) हा अनुबोधपट केला आणि कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. दोघेही जामियाच्या उपरोक्त केंद्राचे विद्यार्थी. अनेक वर्षे त्याच त्या तंबूंकडे पुनःपुन्हा जाऊन त्यांनी तो पूर्ण केला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांच्या अ नाइट ऑफ नोइंग नथिंग (२०२१) या पटास कान येथेच सर्वोत्कृष्ट अनुबोधपटाचा पुरस्कार मिळाला. त्यात २०१५ च्या विद्यार्थी-संपाचे चित्रण आहे. तेथे विद्यार्थी हा अनुबोधपटाचा कर्ता न राहता विषय झाला.

जतन : पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांचे पट संस्थेच्या संग्रहात ठेवले जातात. जिल्हा व तालुका पातळीवरील महाविद्यालयांत अशी सोय सहसा नसते. चित्रफितींच्या काळातील प्रकल्प बुरशीने गेले, त्यानंतरचे तबकड्यांवर राहिले आणि त्या वाचणारी यंत्रे निकालात निघाली. गुण दिले गेल्यावर मूळ चित्रण संगणकातून पुसून पुढील वर्गासाठी जागा करणे ही तर नेहमीची रीत. उजनीच्या पाण्याखाली जमीन गेलेल्या पिढीतील माणसे आता वृद्ध झाली असून त्यांच्या मुलाखती एकदा पुसल्यावर पुन्हा घेता येणार नाहीत. कागद त्या मानाने चिवट ठरतो. कल्याण खजिना हा चित्रपट आज पाहावयास मिळत नाही, त्याचे भित्तिपत्रक मात्र शिल्लक आहे.